पाच दिवस थेंब बंद

आमचं घर लखनऊला सरोजिनी नगरात होतं, कानपूर रोडवरून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत. विमानतळ इतका जवळ की घरातलं कुठलंही महत्त्वाचं वाक्य एकदा तरी विमानाखाली सापडायचंच. आई बोलता बोलता थांबायची, हातातला झारा तसाच कढईवर धरून, आणि विमान गेलं की अर्ध्या शब्दापासून पुढं सुरू व्हायची. बाबांना थांबणं जमायचं नाही, ते आवाज चढवायचे. ते रेल्वेत इंजिनिअर होते, पुलांच्या तपासणीसाठी महिन्यातले निम्मे दिवस बाहेर असायचे, आणि घरी असले की सगळ्यांशी पुलाच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे. मला मात्र विमान कुठल्या बाजूनं येतंय हे कधीच कळलं नाही. मी गच्चीवर उभी राहून हमखास रिकाम्या आभाळाकडं बघत असे. नऊ वर्षांची असल्यापासून माझा उजवा कान वाहत होता. एका कानानं आवाज ऐकू येतो, पण त्याचा पत्ता लागत नाही. दुधवाला भैया पुढच्या दाराशी हाका मारायचा आणि मी भांडं घेऊन मागच्या दाराशी जायची.

सतराव्या वर्षापर्यंत त्या कानाची घराला सवय झाली होती. देव्हाऱ्याशेजारी कापसाची पुडी असायची, त्यातला निम्मा कापूस वातींना आणि निम्मा माझ्या कानाला. थंडी सुरू झाली की आई लसणीची पाकळी तेलात काळी होईपर्यंत कढवून ते कोमट तेल कानात सोडायची. आज हे लिहिताना अंगावर काटा येतो. पडद्याला भोक असलेल्या कानात तेल! पण तेव्हा त्या तेलाची ऊब आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवायला मिळणारी दहा मिनिटं एवढंच मला कळत होतं. बाकी वेळ मी चुळबुळत असे. वर्गात मी भिंतीच्या कडेची, उजवा कान भिंतीकडं येईल अशी जागा पकडायची. कारण ऐकू न येणं लपवता येतं, वास लपवता येत नाही. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला माझ्याशेजारी बसणारी नीलू एक दिवस काही न बोलता पुढच्या बाकावर गेली. मीही काही विचारलं नाही. त्या दिवसापासून मी दर तासाला कानाजवळ बोट नेऊन हुंगायला लागले, आणि ती खोड मला पुढं कित्येक वर्षं होती.

माझ्या खोलीत आत्या झोपायची. बाबांची मोठी बहीण, कुसुमात्या. सांगलीला आजी गेल्यावर बाबा तिला इकडं घेऊन आले, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. ती सोळा वर्षांची असताना तिला क्षय झाला होता. मिरजेजवळच्या एका आरोग्यधामात दोन वर्षं काढून ती बरी होऊन आली, पण ठरलेलं लग्न मोडलं आणि पुन्हा कुणी ठरवलं नाही. प्राथमिक शाळेत शिकवून तिनं आयुष्य काढलं. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलेलं, कारण घरात ‘तो आजार’ एवढंच म्हणायची पद्धत होती. आत्या उंच, सडसडीत, आणि तिचे हात कधी स्वस्थ नसत. लखनऊच्या थंडीत तिला मनाजोगती ज्वारी मिळायची नाही म्हणून ती मक्याच्या पिठाच्या भाकरी थापायची आणि प्रत्येक भाकरीला नावं ठेवायची. बथुआ, म्हणजे आपला चाकवत, तिला अमीनाबादच्या बाजूला एका भाजीवालीकडं सापडला तेव्हा ती दोन दिवस खुशीत होती. भडंग मात्र अस्सल सांगलीची करायची. भडंगाच्या लसणीचा वास आणि माझ्या कानातल्या तेलाचा वास एकच, म्हणून मला आजही भडंग खाताना डावीकडं मान कलती करावीशी वाटते. अंथरुणावर पडल्या पडल्या ती माझ्या डाव्या कानाशी हळू आवाजात बोलायची. डावी बाजू तिनं स्वतःहून निवडली होती. घरात हे फक्त तिच्याच लक्षात राहायचं.

कानाच्या पुवाची तपासणी तोवर तीनदा झाली होती. गल्लीच्या तोंडावरच्या एका छोट्या लॅबमध्ये काडीला कापूस गुंडाळून कानात फिरवायचे आणि दोन दिवसांनी कागद द्यायचे. तिन्ही कागदांवर तीन वेगळी नावं आणि तीन वेगळी औषधं. शेवटी बाबांनी मोठ्या सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टर माथुरांना गाठलं. उंच कपाळाचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी ते तिन्ही कागद बघितले, टेबलाच्या एका कडेला सारले आणि बाबांना म्हणाले, “देखिए, ये सब कान के बाहर के कीड़े हैं। बाहर की नाली में तो हर किसी के कुछ न कुछ रहता है। मुझे अंदर वाला चाहिए, परदे के पीछे वाला।” मग त्यांनी सांगितलं ते असं: पाच दिवस थेंब बंद, गोळ्या बंद, तेलही बंद. सहाव्या दिवशी ते स्वतः बाहेरची नळी निर्जंतुक करून, पडद्याच्या भोकातून बारीक सुईनं आतला पू ओढून घेणार. औषध चालू असताना नमुना घेतला तर त्यात जंतू अर्धमेले असतात, ते लॅबमध्ये उगवत नाहीत, आणि मग काहीच कळत नाही. “पाँच दिन। एक बूँद भी नहीं,” ते माझ्याकडं बघून म्हणाले. मी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी कॉलेजात वार्षिक कार्यक्रम होता आणि सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. थेंब बंद केल्यापासून कान नळासारखा वाहत होता. सकाळी उठले तर उशीवर हिरवट डाग आणि तो वास. मी दोनदा न्हाले, कापूस चारदा बदलला, आत्याची अत्तराची कुपी मानेला लावली. अत्तरानं तो वास जास्तच जाणवायला लागला. नीलू माझ्याबरोबर माइकपाशी उभी राहणार होती. मी न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि तीन थेंब टाकले. संध्याकाळी पुन्हा टाकले, कारण सकाळी काहीच बिघडलं नव्हतं. रात्री मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्यांपैकी एक घेतली. चौथ्या दिवशी कान जवळजवळ कोरडा झाला आणि मला इतकं हलकं वाटलं की पाचव्या दिवशीही ते चालू राहिलं. सहाव्या दिवशी, नमुना द्यायला जायच्या आधी, मी शेवटचे थेंब टाकले. कार्यक्रम छान झाला. नीलू म्हणाली, “यार, तू तो छा गई।” आज इतक्या वर्षांनी त्या वाक्याची किंमत मांडायला बसले तर हात थांबतो.

बाबा दौऱ्यावर होते, म्हणून हॉस्पिटलात आत्या बरोबर आली. डॉक्टरांनी सुईनं जेमतेम दोन थेंब ओढले आणि ते घेऊन आम्हाला तळमजल्यावरच्या लॅबमध्ये पाठवलं. तिथं मला पहिल्यांदा तलत आपा दिसल्या; आपा म्हणजे ताई, तिथं सगळे त्यांना तसंच म्हणायचे. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या कोटाखाली फिकट दुपट्टा, नाकावर घसरलेला चष्मा. त्या तिथल्या मुख्य तंत्रज्ञ होत्या. डॉक्टरसुद्धा त्यांना विचारून बोलायचे. त्यांनी नमुना हातात घेतला, उजेडाकडं धरला आणि विचारलं, “दवा बंद थी न, बिटिया? पूरे पाँच दिन?”

आत्या माझ्याआधी म्हणाली, “हाँ हाँ, बिलकुल बंद.”

मी म्हटलं, “जी।”

तिथून निघून जावं असं वाटत होतं, पण आपांनी मला थांबवून घेतलं. मी विज्ञानाची विद्यार्थिनी म्हटल्यावर त्यांना दाखवायचा उत्साह आला. एक थेंब काचपट्टीवर पसरला, ज्योतीवरून फिरवला. त्यावर जांभळा रंग, मग धुणं, मग गुलाबी रंग. उरलेला थेंब तारेच्या वळशानं प्लेटांवर ओढला. एक प्लेट मेंढीच्या रक्ताची, लालभडक. दुसरी तेच रक्त तापवून केलेली, चॉकलेटसारखी तपकिरी. तिसरी फिकट गुलाबी. तपकिरी प्लेट त्यांनी एका मोठ्या काचेच्या बरणीत ठेवली, आत मेणबत्ती पेटवली आणि झाकण घट्ट बसवलं. ज्योत हळूहळू बारीक होत विझली. “कुछ कीड़े ऐसे नाज़ुक होते हैं,” आपा म्हणाल्या, “उन्हें खुली हवा रास नहीं आती। ज़रा घुटन चाहिए।” आत्या ते बघून लहान मुलीसारखी हरखली होती. मी दाराकडं बघत होते.

दोन दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा तिन्ही प्लेटा स्वच्छ होत्या. डॉक्टर माथुरांनी कागद वाचला आणि पहिल्यांदा खुर्चीत पुढं सरकून बसले. पू दोनच थेंब निघाला, पण त्यात पुवातल्या पेशी भरपूर आहेत, म्हणजे आत आजार आहे. पण जंतू उगवत नाही. इतकी वर्षं वाहणारा कान, इतकी औषधं होऊनही न थांबणारा. “ऐसे में टीबी सोचना पड़ता है। कान की भी होती है। घर में कभी किसी को हुई है?”

खोलीत पंख्याचा आवाज नव्हता, थंडीचे दिवस होते. आत्यानं पदर खांद्यावर ओढून घेतला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, “हमको था। बहुत साल पहले. ये हमारे साथ सोती है।”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य. माझ्या जिभेवर ते आलं होतं हे मला नक्की आठवतं, आणि डॉक्टर कागदावर लिहायला लागले तसं ते परत आत गेलं, हेही आठवतं. नुसती एक शंका आहे, तपासतील, काही निघणार नाही, मिटून जाईल, असं मी स्वतःला रिक्षात घरी येईपर्यंत समजावत होते. आत्या माझ्या डाव्या बाजूला बसली होती. तिनं अख्ख्या रस्त्यात तोंडावर पदर धरला होता.

त्या दिवसापासून घर बदललं, आणि कुणी काही बोलल्याशिवाय बदललं. आत्यानं स्वतःच आपलं अंथरूण पुढच्या बंद व्हरांड्यात नेलं. “मला तिथं हवा बरी लागते,” म्हणाली, जानेवारीच्या धुक्यात. तिच्या थुंकीची तीनदा तपासणी झाली, छातीचा फोटो काढला. थुंकी तिन्ही वेळा साफ, फोटोत जुन्या जखमेचा वाळलेला वण, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, यांच्यापासून आज धोका नाही. पण माझ्या कानात तो नाही असं कुणी म्हणालं नाही. मग आईनं आत्याचं ताट वेगळं काढलं. भांड्यांच्या मांडणीत ते ताट, एक वाटी आणि एक फुलपात्र खालच्या फळीवर, एकटं. आई वाईट बाई नव्हती. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेली असताना ती फार व्यवस्थित वागायची. आत्या त्या ताटात जेवायची, स्वतः घासायची, स्वतः ठेवायची. भडंगाचा डबा संपला तो पुन्हा भरला नाही. कारण विचारलं तर म्हणाली, “माझा हात लागायला नको गं सगळ्यात.”

पंधराव्या दिवशी बाबा दौऱ्यावरून आले तेव्हा तिची ट्रंक भरलेली होती. धाकट्या काकांकडं सांगलीला जाते म्हणाली. बाबा आवाज चढवून म्हणाले, “अक्का, डॉक्टर म्हणालेत ना धोका नाही म्हणून? कुठं निघालीस?” ती म्हणाली, “दत्ता, एकदा या आजारानं माझं घर गेलंय. या खेपेला मी आपणहून जाते. तेवढं तरी माझ्या हातात राहू दे.” आईनं डोळ्याला पदर लावला, पण थांबा म्हणाली नाही. धुक्यानं गाडी सात तास उशिरा होती आणि विमानं बंद असल्यामुळं घरात एवढी शांतता होती की सगळ्यांचं सगळं ऐकू येत होतं. जाताना ती माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली आणि लांबूनच म्हणाली, “कान सांभाळ.”

क्षयाच्या जंतूला उगवायला आठवडे लागतात. आज मी जिथं काम करते त्या लॅबमध्ये असं यंत्र आहे की एका डबीत नमुना टाकला की दोन तासांत हो की नाही ते कळतं. कानाच्या एका थेंबातून पाच-सात वेगवेगळे जंतू आणि विषाणू एकाच वेळी ओळखता येतात, ते जिवंत असोत वा मेलेले. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुली त्या दोन तासांनाही कंटाळतात आणि मला हसू येतं. तेव्हा क्षयासाठी घेतलेला माझा दुसरा नमुना हिरवट रंगाच्या तिरप्या थराच्या छोट्या बाटल्यांत पेरला होता, अंडी आणि हिरवा रंग घालून केलेलं ते खाद्य, आणि आठ आठवडे दर आठवड्याला त्या बाटल्या उघड्या डोळ्यांनी बघायच्या. मी दर शनिवारी कॉलेज बुडवून लॅबमध्ये जायची. आपा बाटली उजेडात फिरवायच्या आणि म्हणायच्या, “अभी कुछ नहीं।” मला हायसं वाटायचं आणि लगेच भीती वाटायची. मला अभ्यास सुचेना. एका जागी बसलं की पाय हलायला लागायचे. मी कारण नसताना अमीनाबादला जायची, कापडाच्या दुकानांमधून, गर्दीतून, उजव्या बाजूनं येणाऱ्या सायकलींचे धक्के खात तास तास चालायची आणि काही न घेता परतायची. घरी व्हरांड्यातून जाताना तिथं अजून आत्या आहे असं वाटून मी दबकत चालायची. थेंब मात्र मी नियमानं टाकत होते. डॉक्टरांनीच आता ‘चालू ठेवा’ म्हटलं होतं.

सहाव्या शनिवारी आपांनी मला बाकावर बसवलं. डॉक्टर माथुर पुढच्या आठवड्यापासून क्षयाची औषधं सुरू करणार होते, वाट न बघता. नऊ महिने. त्या औषधांनी कधी कधी यकृत बिघडतं, एका इंजेक्शनानं तर उरलेला कानही जाऊ शकतो, म्हणून ते टाळून बाकीची देणार. आपांनी माझ्या कानातला कापूस चिमट्यानं काढायला लावला, नाकाजवळ धरला आणि पुन्हा एकदा हुंगला.

“टीबी के कान में ऐसी बदबू कम ही होती है,” त्या म्हणाल्या. “पानी जैसा बहता है, दर्द भी नहीं, बदबू भी नहीं। ये तो कोई और ही है। तो फिर उस दिन उगा क्यों नहीं?” त्यांनी चष्मा काढला. “बिटिया, उस हफ़्ते दवा बंद थी?”

तोच प्रश्न होता. पण तेव्हा आत्या शेजारी उभी होती, आणि आता कुणी नव्हतं.

“नहीं,” मी म्हटलं.

“कितने दिन डाली?”

“आख़िरी के तीन दिन. उस सुबह भी। और गोली भी ली थी।”

मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी मोठं रजिस्टर ओढलं, पानं मागं उलटत माझ्या नावाशी आल्या. मी म्हटलं, ते खोडून टाका ना. “रजिस्टर में काटते नहीं,” त्या म्हणाल्या, आणि त्या ओळीच्या खाली आजची तारीख घालून लिहिलं की हा नमुना औषध चालू असताना घेतलेला होता, निष्कर्ष धरू नये. मग म्हणाल्या, “अब पहले डॉक्टर साहब, फिर घर। मैं साथ चलती हूँ, मगर बोलेंगी आप।”

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले की मी अजून एका आठवड्यानं सांगितलं असतं तर त्यांनी क्षयाचं औषध सुरू केलेलं असतं. घरी आई मटार सोलत बसली होती. मी सगळं एका दमात सांगितलं, मराठीत सुरू करून मध्येच हिंदीत गेले, कारण मला खोटं बोलल्याचं मराठीत सांगता येईना. वरून विमान गेलं तेव्हा आई नेहमीप्रमाणे थांबली नाही, कारण ती बोलतच नव्हती. मग तिनं मांडीवरची सालं झटकली. “तू खोटं बोललीस ते बोललीस,” ती म्हणाली. “वन्संचं ताट मी वेगळं मांडलं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.” तिनं त्याच संध्याकाळी सांगलीला फोन लावला. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. ती सारखी “वन्सं, ऐका ना, वन्सं” एवढंच म्हणत होती आणि पलीकडून बहुधा काहीच येत नव्हतं.

पुढचे सात दिवस मी घराबाहेर पडले नाही. कान वाहू दिला. आठव्या दिवशी नमुना घेतला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आपांनी मला बोलावून घेतलं. लाल प्लेटभर हिरवट, धातूसारखी चमकणारी साय पसरली होती. झाकण जरा किलकिलं केलं तर गोडसर, आंबू लागलेल्या द्राक्षांसारखा वास. आपांनी दुसऱ्या एका प्लेटवर तोच जंतू पसरून त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी काही टिकल्यांभोवती स्वच्छ वर्तुळं पडली होती, तिथं जंतू मेला होता. माझ्या थेंबांतल्या औषधाभोवतीचं वर्तुळ अगदी अरुंद होतं. ते औषध त्याला दाबून ठेवत होतं, मारत नव्हतं. दोन टिकल्यांभोवती मात्र रुपयाएवढी वर्तुळं. त्यातलं एक औषध इंजेक्शनानं चौदा दिवस दिलं, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा माझा कान कोरडा झाला. हिरव्या बाटल्यांमध्ये आठव्या आठवड्यालाही काही उगवलं नाही, आणि या खेपेला त्या ‘नाही’वर सगळ्यांचा विश्वास बसला.

होळी झाल्यावर पडदा बसवण्याचं ऑपरेशन ठरलं आणि आत्या आली. बाबा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. ती वाळली होती. आईनं तिला काय काय सांगितलं होतं ठाऊक नाही, पण माझं मला सांगायचं होतं. गच्चीवर पापड वाळत घालताना मी तिला सांगितलं. थेंब, गोळी, कार्यक्रम, डॉक्टरांच्या खोलीत गप्प बसले ते. ती पापड मांडत राहिली. ओळ पूर्ण झाल्यावर म्हणाली, “दोन महिने मी रोज सकाळी उठून आरशात छाती बघत होते. म्हटलं, माझंच काहीतरी उरलंय आत, आणि मी ते पोरीला दिलं.” मग ती खाली गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आईशी बोलायची, बाबांशी बोलायची, शेजारणीशीसुद्धा. मी समोर आले की हातातलं काम बदलायची. माझ्यावर कुणी एवढं रागावलं नव्हतं, आणि त्या रागात मला कुठंतरी बरंही वाटत होतं, कारण तो माझ्याच वाट्याचा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती चांगली साडी नेसून माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. “त्या तुझ्या तलतबाईंकडं तो जंतू असेल का गं? माझा?”

“कुठला?”

“क्षयाचा. मी कधी बघितला नाही.”

आपांकडं विद्यार्थ्यांना दाखवायची एक काचपट्टी होती. मी त्यांना आत्याबद्दल सगळं आधीच सांगितलं होतं, त्यामुळं त्यांनी काही विचारलं नाही. फक्त उठून आपली खुर्ची तिला दिली. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी सरकवली, तेलाचा थेंब सोडला, भिंग जुळवलं. आत्याला आधी एक डोळा मिटता येईना, मग तिनं हातानं झाकला. मी कानाशी सांगत होते, निळं दिसतंय ना, ते सोड, त्यात लाल बारीक काड्या दिसतायत का बघ.

“त्या?” आत्या म्हणाली. “एवढ्याशा?”

“इतने ही होते हैं, आपा,” तलत आपा म्हणाल्या. त्या वयानं आत्याएवढ्याच असतील, तरी तिला आपा म्हणाल्या.

आत्या बराच वेळ वाकून बघत होती. बाहेर पुढच्या वर्गाची मुलं येऊन दारात उभी राहिली, आपांनी त्यांना हातानंच थांबवलं. मग आत्यानं डोळा न हलवता विचारलं, “ये ज़िंदा है?”

“नहीं। मरा हुआ है। काँच पर सेंकते हैं न, तभी मर जाता है।”

“अच्छा,” आत्या म्हणाली. मला वाटलं आता ती उठेल. तिनं खुर्ची आणखी पुढं ओढली, पदर खोचला, आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकून पुन्हा बघायला लागली.